गाठ एकदा, कट्टे दिवसभर

आमच्या जिममध्ये १७० किलोला 'गाठ' म्हणतात. जिनिंग-प्रेसिंगमधून रुईची दाबलेली गाठ बाहेर पडते ती साधारण १७० किलोची, म्हणून. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणाला सांगता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोणी तरी ते पाडणारच होतं. २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना ७५-७५ किलो चढले, की पोरं हातातले डंबेल खाली ठेवून भोवती जमतात. १६५ उचलणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. १७० उचलणाऱ्याच्या पाठीत मात्र धपाधप थापा बसतात, "काढली बावा गाठ यानं!" मधल्या पाच किलोंना व्यायामशास्त्रात काही विशेष अर्थ नाही, हे मी सांगायचं सोडून दिलंय.

डेडलिफ्ट शिकवणं हे माझं काम. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि पाठ न वाकवता उभं राहायचं. गुडघे ताठ, कंबर ताठ, खांदे मागे. पॉवरलिफ्टिंगच्या तीन प्रकारांतला हा शेवटचा, आणि बघणाऱ्याला सगळ्यात सोपा वाटणारा. स्क्वॉट आणि बेंच प्रेस शिकायला पोरं मुकाट येतात. डेडलिफ्टच्या वेळी मात्र प्रत्येकाला वाटतं, यात शिकायचं काय, आपण जन्मभर हेच तर करतोय. आणि मग तो वाद सुरू होतो, जो मी शिकवायला लागल्यापासून ऐकतोय: भारी वजन एकदाच मारायचं, की हलक्या वजनाचे पंधरा-वीस रेप काढायचे?

मोठ्या शहरात हा वाद मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येतो. आमच्याकडे तो बाजार समितीच्या आवारातून येतो, फवारणीच्या शेतातून येतो, पाण्याच्या टँकरपाशी लागलेल्या रांगेतून येतो. म्हणून नवीन पोरगा आला की त्याची उंची-वजन मी नंतर लिहितो. आधी विचारतो, "आज दिवसभर काय उचललं?" बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. काही जण लाजतात. जिममध्ये आलो म्हणजे मजुरी बाहेर ठेवून आलो, अशी त्यांची समजूत असते.

असाच एक पोरगा अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आला. बाप बाजारात हमाल, पोरगाही बारावीनंतर त्याच्याच टोळीत. पहिल्या आठवड्यातच त्याने १२० किलोचे पंधरा रेप काढले. तेही पाठ न वाकवता, श्वास न चुकवता. खाली ठेवल्यावर त्याला धापही फारशी लागली नव्हती. इतर पोरांनी लगेच मोबाइलवर हिशेब केला. नेब्रास्का विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नावाचं एक सूत्र जगभर वापरतात: रेपांची संख्या ३० ने भागा, त्यात एक मिळवा, आलेल्या आकड्याने वजनाला गुणा, म्हणजे एकदाच किती उचलाल ते कळतं. १२० किलोचे पंधरा म्हणजे १८० किलो. याचा अर्थ पोरगा पहिल्याच महिन्यात गाठ काढणार, वर दहा किलो शिल्लक. पैजा लागल्या.

प्रत्यक्षात तो १५० ला अडला. बार जमिनीवरून चार बोटं उठायचा आणि पोरगा तो शांतपणे खाली ठेवायचा. ना ओरडणं, ना थरथरणं. "नाही उठत सर," एवढंच. मग बाजूला जाऊन १२० चे पंधरा पुन्हा काढायला तयार.

त्याचा प्रश्न रास्त होता, "सर, मी तं दिवसभर कट्टेच उचलतो. मंग हा रॉड काऊन उठत नाही?"

उत्तर शोधायला मी बाजारात जाऊन बसलो. जवळून बघितल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की हमाल जमिनीवरून एकट्याने फारसं काही उचलतच नाही. भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, दोघं दोन बाजूंनी धरतात, एक झोका देतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात. तिसरा अर्धवट वाकून तयार उभा असतो. वजन अंगावर आलं की तो चालू लागतो, फळीवरून ट्रकमध्ये चढतो, खांदा तिरपा करून कट्टा बरोबर थप्पीवर सोडतो आणि मोकळ्या हातांनी परत येतो. पाय, पाठ, दम, तोल, सगळं त्यात आहे. नाही ते फक्त जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर, आणि डेडलिफ्टचा सगळा जीव तर त्याच अंतरात असतो. धरायचं कामही बरंचसं हातातला लोखंडी आकडा करतो, त्यामुळे बोटांची पकड अपेक्षेपेक्षा कच्ची.

दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. हमाल कुठल्याच कट्ट्याला पूर्ण ताकद लावत नाही. लावून चालणारच नाही. पहिल्या कट्ट्याला जीव ओतला तर संध्याकाळच्या शेवटच्या ट्रकला काय ओतणार? बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर बाजारात वावरलेल्या या पोराच्या अंगाला हात राखून काम करायची सवय मुरली होती. शहाणपणाचीच सवय ती. पण एक रेप म्हणजे पुढचा विचार न करता सगळं एकदाच खर्च करून टाकणं, आणि त्याच्या अंगाला ही उधळपट्टी ठाऊकच नव्हती.

इथे थोडं विषय सोडून. कट्टा आज ५० किलोचा आहे. त्याच्या बापाच्या तरुणपणी पोतं १०० किलोचं असायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहायच्या वजनाला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली आला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन उतरवण्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. जिममध्ये कोणी 'जुन्या लोकांची ताकद राहिली नाही' असं म्हणू लागला, की मी त्या बापाच्या कमरेकडे बोट दाखवतो. ताकद होती, त्यात शंका नाही. तिचं बिल पन्नाशीत येतं.

पोराकडे परत येतो. त्याला मी रेप बंद करायला लावले. वजन वाढवलं नाही. १३५-१४० वर बार ठेवला आणि सांगितलं, एकदाच उचल, खाली ठेव, पाच मिनिटं बस, मग पुन्हा एकदा. बार हलण्याआधी पोटात श्वास भर, काखा आवळ, बारातला ढिलेपणा ओढून काढ आणि मग पायांनी जमीन ढकल. हे सगळं त्याला पटकन जमलं. न जमलेली गोष्ट एकच, पाच मिनिटं बसणं. बाकावर बसून तो इकडेतिकडे बघायचा, उठून कोणाच्या तरी प्लेटा लावून द्यायचा. "सर, बसून काऊन राहू? काम तं झालंच नाही." घाम न येता संपलेला व्यायाम त्याला चोरीसारखा वाटत होता. शेवटी मी त्याला त्या पाच मिनिटांत दुसऱ्यांचे बार बघायचं काम दिलं. कोणाची पाठ वाकते, कोणाचा बार नडगीपासून लांब जातो, हे मला येऊन सांगायचं. पोळ्यापर्यंत त्याने गाठ काढली. तेव्हा मात्र तो थरथरला, आणि वर पोचल्यावर असा काही ओरडला की बाहेर चहा पीत उभे असलेले लोक आत डोकावले.

याच्या अगदी उलट पोरगा त्याच जिममध्ये, त्याच वेळेला होता. घरचं दुकान, कॉलेज, दिवसभर खुर्ची. १८० एकदा काढायचा, पण १४० चे रेप चारच्या पुढे जात नसत. एप्लीच्या सूत्राने १४० चे चार म्हणजे जेमतेम १५९. म्हणजे सूत्र हमालाच्या पोराला तीस किलो जास्त देत होतं आणि दुकानदाराच्या पोराला वीस किलो कमी. सूत्र खोटं आहे असं नाही. चार-पाच रेपांपर्यंत ते बऱ्यापैकी जवळ जातं. पंधरा रेपांवर गेलं की ते दमाचं माप घेतं आणि उत्तर ताकदीचं म्हणून देतं.

या दुसऱ्या पोराला रोज एक भारी सिंगल मारून त्याचा व्हिडिओ काढायचा असे. रोजच्या रोज कमाल वजन उचललं की अंग वाढत नाही, नुसतं तपासलं जातं. त्याला मी पाच-पाच, आठ-आठच्या सेटांवर आणलं तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आठव्या रेपला त्याला उलटी आली. दोन महिने तो मला टाळत होता, पण सेट करत होता. त्याच्या मांड्या भरल्या, पाठीचे दोन्ही पट्टे वर आले आणि मगच १८० हललं.

रेपांबद्दल एक गोष्ट मी कोणालाच सोडत नाही. डेडलिफ्टचे दहा रेप म्हणजे बार जमिनीवर आपटून उसळीवर काढलेले दहा रेप नव्हेत. प्रत्येक वेळी बार जमिनीवर पूर्ण थांबला पाहिजे, प्रत्येक वेळी श्वास नव्याने भरला पाहिजे. दहाच्या दहा रेप पहिल्यासारखे. तसं केलं की पोरांचे पंधरा रेप आठवर येतात, आणि वाद अर्धा तिथेच मिटतो.

प्लेटांचंही सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय आमच्या आकड्यांना काही अर्थ नाही. तालुक्याच्या गावातल्या जिममधल्या ओतीव लोखंडी प्लेटांवर २० लिहिलेलं असतं, वजन तेवढं असेलच असं नाही. एकदा मी सगळ्या प्लेटा रिक्षात घालून धान्याच्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेल्या. काही वीसच्या अठरा भरल्या, एक तर एकवीसच्या वर गेली. खडूने प्रत्येकीवर खरं वजन लिहिलं तेव्हा तिघाचौघांची 'गाठ' एका संध्याकाळीत १६३ वर उतरली. आठवडाभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. दुसरी भानगड उंचीची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर असतो. आमच्या जुन्या प्लेटा लहान, त्यामुळे बार खाली, आणि लांब पायांच्या पोराची पाठ पहिल्याच रेपला वाकायची. खाली सागाच्या फळ्या टाकल्या आणि पाठदुखीच्या निम्म्या तक्रारी गेल्या. यात शास्त्र कमी आणि सुतार जास्त लागला.

मी शिकलो अमरावतीला. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, वैद्य बंधूंनी काढलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीत भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आला होता, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आपली सगळी व्यायामपरंपरा आवर्तनांची. जोर किती, बैठका किती, नमस्कार किती, असंच विचारतात. आखाड्यातल्या वस्तादाला तुझी एका बैठकीची कमाल किती, असं कोणी विचारलं तर तो त्याला पाणी पाजून घरी पाठवेल. वजन म्हणजे आपलंच अंग, ते काही वाढवता येत नाही, मग संख्याच वाढवायची. कुस्ती खेळायला दमही तसाच लागतो. म्हणून आमच्याकडे आखाड्यातून आलेली पोरं रेपांच्या बाजूची असतात आणि मोबाइलमधून आलेली सिंगलच्या.

गंमत अशी, की वजनाचे दहा-दहा रेप ही पद्धत मुळात इस्पितळातून आली. थॉमस डिलॉर्म हा अमेरिकी लष्करातला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे गुडघे त्याला लवकर बरे करायचे होते. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन घ्यायचं आणि त्याचे सात ते दहा सेट, असं त्याने १९४५ साली मांडलं. तीन वर्षांनी, वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर, त्याने ते तीन सेटांवर आणलं, कारण तेवढ्याने भागत होतं. आज जगातल्या प्रत्येक जिममध्ये भिंतीवर 'तीन सेट, दहा रेप' लिहिलेलं असतं त्याचं मूळ इथे आहे. आणि ताकद मोजायची म्हणून एकच रेप, हे मूळ स्पर्धेतलं. अलीकडे, २०१७ साली, ब्रॅड शोनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून पाहिले. हलकं वजन थकेपर्यंत उचललं काय किंवा भारी वजन थोडे वेळा उचललं काय, स्नायू जवळपास सारखेच वाढतात. पण एकदाच उचलायचं कमाल वजन भारी वजनाच्या सरावानेच जास्त वाढतं. हमालाच्या पोराने मला हेच शिकवलं होतं, फक्त तक्ते नव्हते.

पोरांना मी बॉब पीपल्सची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या टेनेसीचा शेतकरी. घरीच जुळवलेल्या साधनांवर सराव करायचा. स्वतः ८२ किलोंच्या आसपास, आणि १९४९ साली त्याने ३२९ किलोंचा डेडलिफ्ट मारला. शेतकरी हा शब्द ऐकल्यावर पोरं सरसावून बसतात. मग कोणी तरी विचारतंच, "त्याच्याकडे कपाशी होती का?"

कपाशीवरून मुख्य मुद्दा येतो. माझ्या रजिस्टरमध्ये पूर्वी तारीख, वजन, सेट, रेप एवढेच रकाने होते. त्यावरून बघितलं तर हमालाचा पोरगा दसऱ्यानंतर आळशी झालेला दिसतो. पोळ्याला १७० काढणारा दिवाळीत १५० ला अडतोय. खरं काय होतं? दसऱ्याला सोयाबीन बाजारात येतं, मागोमाग कापूस, मग तूर, मग हरभरा. दिवसाला दोनशे कट्टे धरले तरी ५० किलोच्या हिशेबाने दहा टन होतात. मी त्याला संध्याकाळी १२० किलोचे पाच सेट पाच रेप देतो, ते झाले तीन टन. दहा टन उचलून आलेल्या माणसाला तीन टन आणखी देणं म्हणजे सराव नव्हे. म्हणून रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला, 'बाहेर काय उचललं'. त्यात कट्टे असतात, ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली असते, विटा असतात, पुसद-महागाव भागातल्या तांड्यांवरून आलेल्या पोरांच्या नावापुढे सहा-सहा महिने 'ऊसतोड' असतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढणारा पोरगा उन्हाळ्यात परत येतो तेव्हा हाडं दिसत असतात. त्याला पहिला महिनाभर मी बारला हात लावू देत नाही. खा आणि झोप, एवढाच कार्यक्रम.

हंगामात माझा नियम असा: बाहेर रेप झालेले आहेत, ते पुन्हा जिममध्ये करायचे नाहीत. आठवड्यातून एक दिवस यायचं, कमालीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार-पाच सिंगल, स्वच्छ, वेगात, आणि घरी जायचं. अंगाला जमिनीवरून उचलायची रीत विसरू द्यायची नाही, एवढाच हेतू. अक्षय्य तृतीयेनंतर बाजार मंदावला की मग रेप, मांस भरून घ्यायचे दिवस. खुर्चीवर बसणाऱ्या पोराला ही पंचांगाची भानगड नाही, त्याचे रेप बाराही महिने जिममध्येच व्हायचे असतात. म्हणून दोघांना एकच कार्यक्रम देता येत नाही, आणि 'सर याला सिंगल देतात, मला रेप का' हे भांडण दरवर्षी ठरलेलं.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न विचारतो. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. सोळा लिटरचा पंप पाठीवर, वर पुरुषभर वाढलेली कपाशी, दमट हवा. तेव्हापासून जो पोरगा सकाळी फवारून आला त्याला त्या दिवशी बार नाही. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, हे विचारून थेट घरी किंवा डॉक्टरकडे. श्वास कोंडून वजन उचलायचा तो दिवस नव्हे.

आणि मे महिना. पत्र्याखाली बेचाळीस-चव्वेचाळीस अंश. बार इतका तापतो की ओल्या फडक्याने पुसून मग धरायचा. तेव्हा वीस रेपांची हौस कोणाला असेल तर पहाटे साडेपाचला यावं. कोणी येत नाही.

मुली आमच्याकडे उशिरा आल्या, पण आल्या त्या तयार अंगाने आल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, आला की बाया-पोरी दोन्ही हातांत वीस-वीस लिटरच्या कॅन घेऊन गल्ल्या पार करायच्या. त्या उन्हाळ्यात पाणी वाहिलेली एक पोरगी पुढे जिममध्ये आली. ५२ किलोच्या गटातली. मी तिला पहिल्या दिवशी ४० किलो लावून दिले. सोबत आलेली तिची आई म्हणाली, "हे तं दोन कॅनंच होय ना सर, अजून टाका." टाकले. ६० सहज गेले. पकड तर अशी की पोरांनी खडू मागून घ्यावा. तिची अडचण पोरांच्या उलट निघाली. ती कधी अडायचीच नाही. कितीही लावा, ती उचलून खाली ठेवून पुढचं मागायची, आणि मलाच 'आज एवढं बस' म्हणावं लागायचं. आईबरोबर कॅन वाहताना मध्येच ठेवून देण्याची सोय नव्हती, हे त्याचं कारण असावं असा माझा अंदाज. ती आता माझ्या सगळ्यात चांगल्या लिफ्टरांपैकी आहे, आणि तिला रेप आवडत नाहीत.

हमालाच्या पोराची पहिली मोठी स्पर्धा अमरावतीला झाली. बाप सोबत आले. त्यांनी त्या दिवसाची मजुरी सोडली होती आणि धुतलेला शर्ट घातला होता. मी पोराचा पहिला प्रयत्न १५० लावला, जे तो केव्हाही तीनदा उचलू शकेल. पहिला प्रयत्न असा असावा की झोपमोड झालेल्या, घाबरलेल्या अंगालाही तो जावा. एकदा लावलेलं वजन पुढच्या प्रयत्नाला कमी करता येत नाही, त्यामुळे हावरटपणा इथे महागात पडतो. नाव पुकारल्यावर एका मिनिटात सुरुवात करावी लागते. तीन पंच, तिघांचे तीन दिवे, दोन पांढरे लागले तर उचल मान्य. वर पोचल्यावर मुख्य पंच हात खाली आणून 'डाऊन' म्हणेपर्यंत बार सोडायचा नाही. १५० ला तिन्ही पांढरे. दुसऱ्याला १६५, तिन्ही पांढरे. तिसऱ्याला १७५ मागितले. गुडघ्याच्या वर बार मांडीवर टेकला, त्याने तो दोन झटक्यांत वर सरकवला. दोन लाल. पोरगा माझ्याकडे बघून हसला, कारण त्याला टेकलेलं कळलं होतं. ते कळणं मला दहा किलोंपेक्षा मोलाचं वाटलं.

परतीच्या एसटीत बापाने सगळं नीट विचारून घेतलं. स्क्वॉटचे तीन, बेंचचे तीन, हे तीन, म्हणजे किती झाले?

"नऊ," मी म्हणालो.

"सकाळपासून?"

"हो."

"अन् मध्ये बसून रायला?"

"बसावंच लागतं काका, ताकद परत यायला."

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होते. "नऊ उचलीसाठी दिवस गेला. आमच्या मुकादमाले सांगतलं तं तो मले वेडा म्हणन. अन् मजुरी कोण देते?"

"कोणी नाही. उलट आपल्याला प्रवेश फी भरावी लागते."

हे ऐकून ते आधी गप्प झाले आणि मग एवढे हसू लागले की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. पोरगा लाजून खाली बघत होता. नेर येईपर्यंत बाप मधूनमधून "नऊ!" म्हणायचे आणि पुन्हा हसायला लागायचे.